चऱ्होलीच्या कपिलेचे रक्त

मित्रांनो, साल होते १९५६. आज तुम्ही मला जुना पितळी सूक्ष्मदर्शक म्हणता, पण तेव्हा मी नवाकोरा होतो. चिंचवडच्या माळावरील एका लहानशा लस-प्रयोगशाळेत, खिडकीपाशी माझी जागा होती.

त्या वर्षी गुरांच्या घटसर्पाने गोठे ओस पडत होते. आमची नवी लस चऱ्होलीच्या सोजराबाईंनी आपल्या कपिला गाईला सर्वांत आधी टोचून घेतली. चार दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ इंदुताईंनी कपिलेच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि माझ्याखाली सरकवला.

प्रमुख दौलतराव माणसांच्या इस्पितळातून आलेले. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याशी पांढऱ्या पेशी ताडून पाहिल्या. तक्त्यात तुकड्यातुकड्यांच्या केंद्राच्या पेशी जास्त, कपिलेत गोल केंद्राच्या.

"सगळं उलटं! लस घातक आहे. बाटल्या ओतून टाका."

"साहेब, तक्ता माणसांचा आहे. कपिला गाय आहे."

"मग या यंत्राचं भिंग खराब असेल!"

माझे भिंग! संतापाने माझे पितळ तापले.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," इंदुताई म्हणाल्या. "मग खुशाल ओता."

सकाळीच त्या सायकलवरून चऱ्होलीला गेल्या आणि लस न टोचलेल्या गाईंचे रक्त मागू लागल्या.

"घ्या की," सोजराबाई म्हणाल्या. "पन कपिला ठणठणीत हाय, रवंथ करती. तुमच्या सायबाला कागुद वाचता येतो, गाय न्हाई व्हय वाचता येत?"

दुपारी इंदुताईंनी दौलतरावांसमोर आधी स्वतःचे बोट टोचले. मी त्यांचे रक्त दाखवले. अगदी तक्त्याबरहुकूम! मग न टोचलेल्या तीन गाई दाखवल्या. तिन्ही हुबेहूब कपिलेसारख्या.

दौलतराव बराच वेळ माझ्यावर वाकून होते. मग उठून त्यांनी तो तक्ता स्वतःच भिंतीवरून उतरवला.

"बाटल्या राहू द्या, इंदुताई."

पुढे आम्ही गाय, म्हैस, शेळी, कोंबडी अशा प्रत्येकीच्या पेशींचा वेगळा तक्ता केला. कोणाच्या पेशी लशीनंतर कितव्या दिवशी वाढतात, ते पाहून दुसरी मात्रा ठरू लागली.

दौलतराव निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. जाईपर्यंत नव्या माणसांना ते सांगत, "आधी धडधाकट जनावर बघा." कपिलेला पाच वासरे झाली. सोजराबाई ऐंशी वर्षे जगल्या. इंदुताई प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. मला भंगारात काढले, तेव्हा त्यांनीच मला उचलून तुमच्या शाळेत आणले. आज त्या नाहीत.

आणि मी? कपाटात बसलो आहे, पण हरलेलो नाही. मला शोभेसाठी पुसू नका. माझ्याखाली काचपट्टी ठेवा. मी दाखवीन ते पटले नाही, तर माझे भिंग खोटे ठरवण्याआधी एकदा स्वतःचे बोट टोचा.