मेहुण्याचा खटला

फौजदारी कोर्टात त्यांना सगळे सुटकासाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. दरोडेखोर, मारेकरी, सासऱ्याला विष घालणारा जावई असे नामी लोक त्यांच्या मागोमाग कोर्टाच्या पायऱ्या उतरून उजळ माथ्याने घरी गेले होते. साक्षीदार कितीही पक्का असो, साहेब उठून उभे राहिले की त्याची बोबडी वळायची.

असा दबदबा असताना त्यांचा सख्खा मेहुणाच खुनाच्या आरोपात अडकला. मेहुण्याचं भागीदारीत औषधांचं दुकान होतं. एका सकाळी दोघा भागीदारांचं चांगलंच वाजलं आणि थोड्याच वेळात भागीदार माळ्याच्या जिन्यावरून पडून मेला. समोरच्या शिंप्याने आपल्या खिडकीतून पाहिलं होतं. भागीदार पडताना मेहुण्याचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"मी सावरत होतो हो त्याला, भाऊजी," मेहुणा रडत म्हणाला.

हा खरं बोलतोय, हे साहेबांना तिथल्या तिथे कळलं आणि त्यांना घाम फुटला. निर्दोष माणूस त्यांच्या वाट्याला आजवर फारसा आलाच नव्हता.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "त्याला दुसरा वकील देऊ या. मी उभा राहिलो की लोक म्हणणार, यानेच केलंय."

"गावभरच्या गुंडांना सोडवताना नाही आठवले लोक! माझ्या भावाच्या वेळीच बरे आठवले," बायको म्हणाली. विषय संपला.

शिंपी साक्षीला उभा राहिला तेव्हा मेहुणा साहेबांच्या कानाशी लागला. "त्यांना एवढंच विचारा, मी ढकलत होतो की मागे ओढत होतो?"

"आणि ढकलत होता म्हणाला तर? गप्प बस." साहेबांनी काळा कोट सारखा केला आणि शिंप्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "सुईत दोरा तुम्हीच ओवता ना?"

"नाही साहेब. मुलगी ओवून देते."

"का बरं?"

"मला दिसत नाही."

कोर्टात हशा पिकला. ज्याला जवळचं दिसत नाही त्याला लांबचं छान दिसू शकतं, हे सरकारी वकिलाच्या डोक्यात शिरेपर्यंत शिंपी मान खाली घालून निघूनही गेला होता.

संशयाचा फायदा देऊन मेहुण्याला सोडण्यात आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पण त्याचा चेहरा पडलेलाच. "मी केलं नाही, असं कुठे म्हणाले न्यायाधीश?"

"सुटलास ना बाबा?"

सुटला खरा, पण दुकानात कोणी फिरकेना. एवढा मोठा वकील घेतला, म्हणजे पाणी मुरत असणारच, असं लोक म्हणत आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात जात. शेवटी एकदा जेवताना साहेबांच्या बायकोनेच हळूच विचारलं, "आता तरी खरं सांगा. त्याने केलं होतं का हो?"

"नाही गं! त्याने काहीही केलेलं नाही."

बायको त्यांच्याकडे पाहत राहिली. "कोर्टातसुद्धा तुम्ही अगदी याच आवाजात सांगता."

साहेब अर्ध्या जेवणावरून उठले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिंप्याच्या दुकानात गेले. "खरं सांगा, त्या दिवशी तो ढकलत होता की ओढत होता?"

शिंप्याने मशीन थांबवलं. "मला दिसत नाही, असं तुम्हीच ठरवलंत ना साहेब? आता गिऱ्हाइकंही तेच म्हणतात, याच्याकडे कापड टाकायचं कसं. मग मी पाहिलं तरी कसं असेल?" आणि त्याने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.

मेहुणा दुकान विकून परगावी गेला. जाताना बहिणीला भेटला, साहेबांना नाही.

साहेबांचं नाव मात्र दुमदुमलं. ज्याने मेहुण्याला सोडवलं तो आपल्याला नक्की सोडवेल, म्हणून त्यांच्या ऑफिसात बसायला जागा पुरेना. एका सकाळी एक धिप्पाड माणूस आत आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "आधीच सांगतो साहेब, मीच मारलंय त्याला."

"या, या, बसा," साहेब म्हणाले. त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी स्वतः उठून त्याला पाणी दिलं.