नेरेइदाने हात सोडला

बाराओना शहराच्या पुढे समुद्राला चिकटून रस्ता जातो, त्यावरच्या एका गावात एलिहिओ मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा. मागे बाई, बाईच्या मागे तिचं पोर, पोराच्या मांडीवर कोंबडी, असा सगळा प्रपंच घेऊन तो इतकी वर्षं हिंडला होता की गाडीवरून उतरला की थोडा वाकडाच चालायचा. नेरेइदा त्याची बायको. चौकात बसून ती यानिकेके तळायची, म्हणजे मैद्याच्या, ताटाएवढ्या कुरकुरीत पुऱ्या. सामान आणायला शहरात जायचं, तर नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून मागे बसायची.

त्या वर्षी गावातले दोन मोटारसायकलवाले अपघातात गेले. मग मोटारसायकलवाल्यांच्या संघटनेने ठरवलं की प्रत्येकाने पडायला शिकायचं. शिकवायला फिओरबाई आल्या. राजधानीत मुलींना ज्युदो शिकवून आता त्या बहिणीकडे राहायला आल्या होत्या. बेसबॉलच्या मैदानावर जुन्या गाद्या अंथरल्या गेल्या, सगळे जमले आणि लांबूनच गाद्यांकडे बघत उभे राहिले.

"पडायला काय शिकायचंय?" एलिहिओ म्हणाला. "ते तर मला आईच्या पोटातून येतं."

हशा झाला, पण गादीवर कोणी जाईना. चारचौघांत कोलांटी मारायची कोणाचीच तयारी नव्हती. फिओरबाईंची नजर फिरत फिरत कडेला टोपली मांडून बसलेल्या नेरेइदावर गेली.

"तू ग? नवऱ्याच्या मागे बसतेस ना?"

"बसते की."

"मग तो पडला की तूही पडणार. ये इकडे."

नेरेइदा अंगाने भरलेली, पन्नाशीला आलेली. पदराला हात पुसावेत तसे तिने झग्याला हात पुसले आणि ती गेली. बाईंनी तिला हनुवटी छातीला टेकवायला लावली, कोपरं पोटाशी आवळायला लावली आणि खांद्यावरून तिरकं लोळवलं. मैदान खिदळलं. नेरेइदाही हसली आणि न सांगता पुन्हा लोळली. लहानपणानंतर तिचं अंग असं जमिनीवर मोकळं सुटलं नव्हतं.

"हात पुढे टाकायचा नाही," बाई सगळ्यांना सांगत होत्या. "हात टेकला की मनगट जातं, नाहीतर खांदा. घसरत असाल तर घसरत राहा. थांबलो असं वाटतं तेव्हा माणूस थांबलेला नसतो, घाईने उठायला जातो आणि पुन्हा आपटतो. आणि सगळ्यात आधी गाडी सोडायची."

"बाई, ती माझ्या बायकोपेक्षा जुनी आहे," एलिहिओ म्हणाला.

"मग तिचं आयुष्य झालंय. तिला जाऊ दे."

"मागे बसलेल्याने काय करायचं?" नेरेइदाने विचारलं.

"पुढच्याला सोडायचं. धरून ठेवलंस तर त्याच्यावरच पडशील. तोही मोडेल आणि तूही."

पुढचे काही रविवार नेरेइदा गेली. एलिहिओ एकदाच लोळला, तेही मित्रांनी ढकलला म्हणून. घरी ती अंगणात गादी टाकून सराव करायची आणि तो दारात कॉफी पीत म्हणायचा, "सर्कशीत जातेयस की काय?"

एका सकाळी दोघं मैदा आणि तेल आणायला निघाली. डोक्यावर हेल्मेट दोघांच्याही होतं, संघटनेचा तसा नियमच झाला होता. खडकाच्या वळणावर कुठल्यातरी ट्रकमधून वाळू सांडलेली होती. एलिहिओने ती पाहिली तेव्हा पुढचं चाक वाळूत शिरलं होतं. गाडी आडवी झाली.

नेरेइदाचे हात त्याच्या कमरेवरून सुटले. हनुवटी खाली गेली, कोपरं आत आली. मग रस्ता, आभाळ, पुन्हा रस्ता. थांबल्यासारखं वाटलं, तळवे टेकून उठावं असं फार वाटलं, पण ती तशीच आवळून पडून राहिली. खरंच, अजून ती घसरतच होती. कडेच्या झुडपात जाऊन ती थांबली. झगा फाटला होता, कोपर आणि मांडी सोलली होती. बोटं हलली, पाय हलले.

एलिहिओने हँडल सोडलं नव्हतं. गाडी त्याला घेऊन पार कठड्यापर्यंत गेली होती आणि त्याचा पाय तिच्याखाली होता. तो कण्हत होता.

नेरेइदा आधी वळणाकडे गेली. तिथून भरधाव आलेल्या गाडीला ती दोघं दिसलीच नसती. तिने गळ्यातला रुमाल हलवून एक मालवाहू गाडी थांबवली, ती वळणाच्या अलीकडेच आडवी उभी करायला लावली आणि मग नवऱ्याकडे धावली. तोवर नारळ विकणारा एक म्हातारा येऊन त्याचं हेल्मेट ओढत होता.

"काढू नका! आजोबा, मानेला हात लावू नका!"

"अगं, श्वास कोंडेल त्याचा!"

"बोलतोय ना तो? मग श्वास चाललाय. गाडी उचलायला हात लावा त्यापेक्षा."

एलिहिओचं डावीकडचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी हाडं शाबूत होती. पोटरी मात्र तापलेल्या सायलेन्सरवर चांगलीच भाजली होती. दवाखान्यातून तो झोळीत हात अडकवून घरी आला.

संध्याकाळी मित्र डॉमिनो खेळायला त्याच्याच अंगणात जमू लागले. त्यांतला सिप्रियान फटकळ.

"काय वहिनी, केळ्याचं साल टाकावं तसं टाकलंत आमच्या दोस्ताला!"

"तुझी बायको तुला न पडताच टाकणार आहे," नेरेइदा म्हणाली.

सगळे हसले. एलिहिओ हसला नाही. त्याने सोंगटी टेबलावर इतक्या जोरात आपटली की बाकीच्या सरकल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या पोटरीला मलम लावत होती तेव्हा तो म्हणाला, "तू सोडलंस मला."

"बाईंनी सांगितलं होतं तसं केलं."

"इतकी वर्षं मागे बसतेस. मला वाटलं, काही झालं तरी धरशील."

"धरलं असतं तर तुझ्या त्याच खांद्यावर पडले असते. माझं वजन बघितलंयस?"

"मी खांद्याचं बोलत नाहीये."

नेरेइदाने मलमाचं झाकण लावलं.

"आणि मी तिथे पडलेलो असताना तू आधी रस्ता बघायला गेलीस."

"नसते गेले तर आत्ता मलम कुणाला लावलं असतं?"

तो भिंतीकडे वळला. नेरेइदाही चिडून उठली. पण चुलीपाशी बसल्यावर तिला ते आठवलं: हात सुटले त्या क्षणी तिला भीती वाटली नव्हती. अंग हलकं झालं होतं. हे त्याला सांगावं की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने सांगितलं नाही.

हाड जुळलं, डॉक्टरने हो म्हटलं, तेव्हा एलिहिओ आपण होऊन मैदानावर गेला. फिओरबाईंनी त्याला गादीवर ठेवलेल्या स्टुलावर बसवलं, हातात झाडूचा दांडा दिला आणि सांगितलं, "मी स्टूल कलंडवते. तू दांडा सोडायचास." स्टूल कलंडलं, एलिहिओ पडला, दांडा मुठीतच. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सिप्रियान पोट धरून हसत होता.

"हात सुटत नाही, बाई," एलिहिओ शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी धरत नाही. तो आपला आपणच धरून बसतो."

नेरेइदाने टोपलीपाशी बसून ते ऐकलं. घरी जाताना ती म्हणाली, "माझाही आपला आपणच सुटला. मी काही ठरवलं नव्हतं."

एलिहिओने तिच्या हातातली टोपली घेतली. मग म्हणाला, "बाई म्हणतात, पुढच्या आठवड्यात जमेल मला."

"जमेल."

त्याला जमायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. पण जमलं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मैदा संपला होता. नेरेइदा मागे बसली आणि क्षणभर हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. सीटच्या मागे पकडायला लोखंडी दांडी होती, ती तिने धरली.

"मला धर," एलिहिओ पुढे बघत म्हणाला.

"वेळ आली तर सोडेन हं."

"सोड. पण सोडताना ओरड तरी."

"ओरडायला वेळ मिळाला तर."

तिने त्याच्या कमरेला हात घातले. एलिहिओने गाडी चालू केली आणि खडकाच्या वळणापर्यंत ती इतकी हळू नेली की मागून येणाऱ्या बसने हॉर्न वाजवून वाजवून दोघांना भंडावून सोडलं.