उल्काचं नाव

उल्का गेली ती कावीळ होऊन, एकोणीसशे शहात्तरच्या फेब्रुवारीत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, एकुलती एक. तिचा बाप रमाकांत लखनौ विद्यापीठात युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवायचा. दिवसकार्य झाल्यावर तो वर्गावर परत गेला आणि घरात बोलेनासा झाला. त्याची बायको सुचित्रा दोन ताटं वाढायची, दोन उचलायची.

मे महिन्याच्या सुटीत एका सकाळी तो बादलीत बकरीचं ओलं कातडं घेऊन आला.

"अहो, हे काय आणलंत घरात?" सुचित्राने पदर नाकाला लावला.

"यावर लिहायचं," तो म्हणाला. "युरोपातल्या मठांतले साधू असंच करायचे. वासराचं नाहीतर बकरीचं कातडं ताणून, वाळवून त्यावर मेलेल्यांची नावं लिहायचे. दरवर्षी त्या तिथीला नाव मोठ्याने वाचायचे. हजार वर्षांपूर्वीची नावं आजही दिसतात, सुचित्रा. कागदाचं काय, वाळवी खाते."

कुणाचं नाव, हे तिने विचारलं नाही.

पहिलं कातडं चुन्याच्या पाण्यात सडलं. घरमालक जगदीशबाबू जिन्यावरूनच ओरडले, "मास्टर साहब, ये कैसी बदबू है? पूजा-पाठ वाला घर है हमारा!" रमाकांतने हात जोडले आणि दुसरं आणलं. ते चौकटीवर ताणून अंगणात ठेवलं तर लूचा गरम वारा असा सुटला की दुपारपर्यंत मधोमध टरकलं. फाटक्या कातड्यापुढे तो उकिडवा बसून राहिला. उल्का गेली त्या दिवशीही तो दवाखान्याच्या व्हरांड्यात असाच बसला होता.

तिसऱ्या वेळी सुचित्राने पदर खोचला. चुन्यातून काढलेल्या कातड्याचे केस तिने बोथट सुरीने खरवडले. तो दोऱ्या ताणायचा, ती पाणी शिंपडून वाळण्याचा वेग आवरायची. तिच्या बोटांची सालं निघाली. काम करता करता दोघं बोलू लागली, बऱ्याच महिन्यांनी.

"पोहे मागायची आणि निम्मे टाकायची," ती म्हणाली.

"आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर," तो म्हणाला. "'हाँ बाबा, कर लूँगी.'"

कातडं पांढरं, ताठ झालं. तिने ते पाय घासायच्या वज्रीने घासून गुळगुळीत केलं. चौकातल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून माजूफळ आणि हिराकस आणली, बाभळीचा डिंक घातला, शाई केली. बख्शी का तालाब गावच्या एका शेतकऱ्याने हंसाची पिसं दिली.

लेखणी तासली खरी, पण रमाकांतने ती सुचित्रापुढे धरली. "तू लिही," तो म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं."

सुचित्राने लिहिलं: उल्का रमाकांत वैशंपायन. अक्षरं आधी फिकी उमटली.

"दोन दिवसांत काळी होतील," तो म्हणाला. "मग जात नाहीत. शाई कातड्यात मुरते."

तिने लेखणी खाली ठेवली. "साधूंच्या मागे दुसरे साधू असायचे ना हो?"

"हो. मठ चालूच राहायचा."

"मग आपल्यामागे हे वाचणार कोण?"

रमाकांतने तोंड उघडलं. विद्यार्थी, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं असावं. तो लेखणी धुवायला न्हाणीत गेला आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

अक्षरं खरंच काळी झाली. पुढल्या फेब्रुवारीत तिथीच्या सकाळी सुचित्राने कातडं उलगडलं आणि नाव मोठ्याने वाचलं. रिकाम्या खोलीत तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"नको वाचूस," रमाकांत दारातून म्हणाला.

तिने ते जुन्या धोतरात गुंडाळून उल्काच्या स्वेटरांखाली ट्रंकेत ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिथी आली तेव्हा तिने सकाळी स्वयंपाक केला, दोन ताटं वाढली. ट्रंक कुणी उघडली नाही.