आदल्या दिवशीची पिशवी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले डॉक्टर, लोकांचे लाडके 'दुरुस्तीसाहेब', आणि शेजारच्या खुर्चीत धाकटीची सात वर्षांची लेक. पडद्यावर दोन आकडे: इंजेक्शनआधी हिमोग्लोबिन सहा, नंतर दहा.

"हिच्या जनुकात एक अक्षर चुकलं होतं," साहेब म्हणाले. "आम्ही ते खोडून नीट लिहिलं. एका सुईत! समित्या बसतात वर्षभर, आम्ही बसत नाही. आता हिला कुणाचं रक्त नको."

टाळ्यांनी छत हादरलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या थोरल्या बहिणीचा मात्र जळफळाट होत होता. तिच्याही लेकीला हाच थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवणं. जनुक-उपचाराच्या खऱ्या चाचणीसाठी तिनं दोन वर्षांपूर्वी अर्ज केलेला; तेव्हापासून नीतिसमिती, संमतिपत्रं, तपासण्या आणि वाट बघणं. आणि धाकटी? लहानपणापासून रांगेत उभं राहायचं नाही, खाऊ मात्र पहिला हिला! कालच तिनं तोऱ्यात फोन केला होता, "ताई, सव्वीस तारखेला रक्तासाठी नाव आहे ना आमचं, काढून टाक." भाचीचे टवटवीत गाल पाहून मावशीला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

मत्सराची नजर फार बारीक. पडद्यावरच्या अहवालांत खोट शोधता शोधता ती तारखांवर अडखळली. पहिला अहवाल चार तारखेचा, इंजेक्शन सहाला, दुसरा अहवाल सातचा. पाच तारखेबद्दल पडदा गप्प होता. थोरली रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. पाचला भाचीसाठी रक्ताची पिशवी तिनं स्वतःच्या हातानं जुळवून दिली होती. म्हणजे इतका वेळ ती स्वतःच्याच पिशवीवर जळत होती!

ती उठली. "साहेब, पाचला या मुलीला रक्त चढवलं, ते का नाही दाखवलंत?"

"बाई, आम्ही जनुकं सुधारतो, मत्सर नाही," साहेब हसले. सभागृहात हशा पिकला.

"जळतेस तू, ताई!" धाकटी ओरडली. "माझी पोर बरी झालेली बघवत नाही तुला."

"जळतेच आहे. पण त्यानं तारीख बदलते का?" ती लोकांकडे वळली; त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्या मुलांना साहेबांची हीच सुई टोचून घेतली होती. "तुमच्या मुलांना इंजेक्शनच्या आदल्या दिवशी काय करून आणायला सांगितलं होतं?"

एक बसचालक चाचरत उठला. "रक्त चढवून आणा म्हणाले. सुई सोसायला ताकद हवी म्हणून."

"आम्हालाही," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघं.

"सहाचे दहा दात्याच्या रक्तानं झाले," थोरली म्हणाली. "ते रक्त संपलं की आकडा पुन्हा खाली. खऱ्या उपचारात पेशी शरीराबाहेर काढून दुरुस्त करतात, मूल कित्येक आठवडे रुग्णालयात असतं, पुढे वर्षानुवर्षं तपासण्या. चूक झाली तर ती मुलाच्या अंगात कायमची राहते. म्हणून लागतात त्या समित्या."

साहेबांना एकाएकी दुसरी सभा आठवली. ते मागच्या दारानं निघाले तेव्हा टाळी वाजवायला कुणी नव्हतं.

धाकटी लेकीला कवटाळून जवळ आली. "ताई, सव्वीसचं नाव... अजून मिळेल?"

"मी काढलंच नव्हतं. म्हटलं, बघू किती दिवस मिरवतेस."

धाकटी रडता रडता हसली.

सव्वीसला दोघी मावसबहिणी शेजारी-शेजारी रक्त घेत होत्या. चमत्काराचे दोन आकडे कुणी दाखवले, तर त्या दोन तारखांच्या मध्ये काय झालं ते विचारा. त्यासाठी मत्सर लागत नाही, साधी शंका पुरते.