पाइपाची होडी, ड्रिलची मोटार

मी होडी बोलतेय. लांबीला जेमतेम दोन फूट. माझ्यात माणूस बसत नाही. मांजर एकदा बसलं होतं, पण मोटार सुरू होईपर्यंतच. मला चालवणारा काठावर उभा राहतो आणि हातातल्या डब्यावरच्या दोन दांड्या हलवून मला पाण्यात हवी तशी फिरवतो. अशा होड्या शहरात विकत मिळतात म्हणे. मी विकतची नाही. टोकावड्याच्या नाक्यावर दामू गायकरांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बाप-लेकीचं भांडण झालं आणि त्यातून माझा जन्म झाला.

शेतावरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हे दामू गायकरांचं काम. त्यांची मुलगी कुणाली त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. कुणाली तेव्हा मुरबाडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर पष्टे सरांनी वर्गात सांगितलं, "जानेवारीत प्रदर्शन आहे. प्रत्येकानं चालणारी वस्तू करून आणायची." कुणी दारावरची घंटा करायला घेतली, कुणी मोबाइलचा चार्जर. कुणालीनं वहीत लिहिलं, "रेडिओवर चालणारी होडी."

घरी जेवताना तिनं हे सांगितलं आणि बाबांनी लगेच विचारलं, "मोटार कुठली घालशील?"

"लहानशी. खेळण्यातली असते ना, तशी."

"ती काय मोटार हाय? तो भोवरा. पाणी ढकलायचं म्हंजे ताकद पायजे गो. आमी काय उगाच पाच-पाच हॉर्सपॉवर बसवतो?"

"बाबा, होडी दोन फुटांची आहे. विहीर उपसायची नाय."

तिथून जे सुरू झालं ते दोन महिने चाललं.

माझं शरीर मात्र भांडणाशिवाय तयार झालं. दुकानामागं सहा इंची प्लॅस्टिक पाइपाचे तुकडे पडले होते. त्यातला एक कुणालीनं लांबीत चिरला, चुलीच्या धगीवर धरून मऊ केला आणि पुढचं टोक दोन्ही बाजूंनी दाबून निमुळतं केलं. त्या वासानं गुणाबाई, म्हणजे कुणालीची आई, पदर नाकाला लावून बाहेर आली. "भाकरीला वास लागंल त्याचा! तुमच्या मोटारी दुकानात ठेवा, माझी चूल सोडा," असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या हातानं तिनं माझं एक टोक धरून ठेवलं होतं. मला पहिला आधार तिनंच दिला.

सायकलच्या चाकातली एक तार पंखा फिरवणारा माझा दांडा झाली. फ्रिजच्या बारीक तांब्याच्या नळीत ग्रीस भरून तो दांडा तिच्यातून बाहेर काढला, आणि टोकाला पितळी पत्र्याचा तीन पात्यांचा पंखा डाखला, म्हणजे कथील वितळवून जोडला. आता मोटार.

पहिला मान बाबांचा. त्यांनी भंगारातून जीपच्या वायपरची मोटार आणली आणि तिच्यासाठी स्कूटरची बॅटरी. दोन्ही माझ्या पोटात बसवून मला दुकानामागच्या हौदात सोडलं. मी काठापर्यंत बुडाले. पंखा फिरू लागला तो पाट्यावर वाटण वाटावं इतक्या सावकाश. त्या मोटारीला ताकद होती, हे खरं. पण काचेवरचं पाणी पुसायची तिला सवय, पळायची नव्हती. मी हौदाच्या मध्यावर जाऊन कलंडले.

बाबांनी बाही वर करून मला तळातून काढलं.

दुसरा मान कुणालीचा. तिनं जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार बसवली. ती गुणी होती, आवाज म्हणून नाही. हवेत पंखा असा गरगरला की कुणालीनं टाळी वाजवली. पाण्यात टेकल्याबरोबर तो दमला. मी जागच्या जागी थरथरत राहिले. आता बाबांची पाळी होती हसायची, आणि ते हसलेही, पण मग पायरीवर बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली.

"तू तिला हवेत फिरवून बघतेस. पंपाची मोटारबी हवेत कशीबी फिरते. पाण्यात उतरली की खरं कळतं. पाण्यात बसव, मीटर लाव, अँपिअर किती खाते ते बघ. आणि दहा मिनिटांनी हात लावून बघ. हात ठेववला तर ती तुझी मोटार."

कुणाली वही घेऊन आली. तिला शिकवताना हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

तिसरी मोटार कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून आली. बॅटरीवर चालणारं छोटं ड्रिल होतं, त्याचा खटका तुटला होता पण आतली मोटार धडधाकट. वजनाला हलकी, वेगाला तेज. बॅटरीही बदलली. लाइट गेल्यावर लावायच्या दिव्यातली सहा व्होल्टची घेतली. घंगाळात पाणी भरून दोघं समोरासमोर बसले. मीटरचा काटा एकीकडं, माझा पंखा दुसरीकडं. दहा मिनिटांनी बाबांनी मोटारीला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"तापते. दुसरी शोधू," कुणाली हिरमुसली.

"मोटार चांगली हाय. पंखा मोठा झालाय. पाच हॉर्सच्या मोटारीला साडेसातचा पंखा लावला तर ती जळणारच ना? पाती काप."

करंगळीच्या नखाएवढी पाती कापली आणि काटा खाली आला. बोटही आता मोटारीवर ठेववलं. त्या दिवशी गुणाबाईला घंगाळ परत मिळायला संध्याकाळ झाली.

आता सगळं झालं असं आम्हाला वाटलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी आयटीआयच्या अंगणात ताडपत्रीचं तळं केलं होतं. माझ्यात एका खेळण्यातल्या गाडीचा रेडिओ बसवला होता. पाहुणे समोर बसले, कुणालीनं दांडी पुढं केली, मी निघाले. आणि मला वेड लागलं. ती डावीकडं म्हणाली तर मी उजवीकडं. ती थांब म्हणाली तर मी जोरात. एक पाहुणे पाय वर घेऊन बसले. मी ताडपत्रीच्या काठावर चढून थेट त्यांच्या खुर्चीखाली गेले. सगळं अंगण हसलं. कुणालीनं मला उचललं आणि मान खाली घालून वर्गात गेली.

मला तिची दया आली, पण माझा इलाज नव्हता. मोटार फिरते तेव्हा तिच्या आत बारीक ठिणग्या उडतात, आणि त्यांचा गोंगाट रेडिओला ऐकू येतो. काठावरून कुणाली हाक मारत होती, पण पोटातच एवढा कालवा होता की तिचा शब्द मला कळेना. पष्टे सर मागोमाग आले. रागावले नाहीत. त्यांनी डब्यातून गोंगाट शोषणारे मसुरीएवढे तीन कपॅसिटर काढून तिच्या तळहातावर ठेवले.

"मोटारीच्या दोन टोकांमध्ये एक. आणि प्रत्येक टोकापासून मोटारीच्या अंगाला एकेक. आणि रेडिओला बॅटरी वेगळी दे. रडायचं असेल तर आधी रड, मग डाख. डोळ्यात पाणी असताना डाखायचं नाही."

ती थोडं रडली. मग डाखलं. माझ्या पोटातला कालवा एकदम थांबला. कुणालीची हाक मला पहिल्यांदा नीट ऐकू आली ती त्या रिकाम्या वर्गात, बाकावर.

सरांचे एक मित्र पूर्वी छोटी विमानं उडवत. त्यांनी छंद सोडला होता. त्यांचा दोन दांड्यांचा रेडिओ सरांनी मागून आणला. खेळण्याचा रेडिओ वीस पावलांवर दम टाकायचा, हा तीनशे पावलांवरूनही स्पष्ट बोलायचा. त्याच्या एका दांडीवर माझं सुकाणू वळे, दुसरीवर मोटार पुढं किंवा उलटी फिरे. उरलेला हिवाळा मी वैशाखरे गावाजवळच्या छोट्या धरणात बगळ्यांना उठवण्यात घालवला. लोक म्हणत, "दामूची पोर खेळते अजून." बाबा ऐकून घेत.

मग मे महिना आला. त्या धरणात पिंपांचा तराफा होता आणि त्यावर जवळच्या वाडीच्या नळाचा पंप. एका दुपारी वावटळ आली, तराफ्याचे दोर तुटले, पाइप निखळला. तराफा वाहत गेला तो पाण्याच्या मधोमध, बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांपाशी जाऊन थांबला. विहिरी आधीच आटल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून बायकांना हंडे घेऊन ओढ्यातल्या झऱ्यापर्यंत जावं लागलं, आणि तिथं एक हंडा भरायला तासभर लागे.

धाऊ नावाचा पट्टीचा पोहणारा गडी होता. तो उतरला. पण त्या झाडांत जुन्या फाटक्या जाळ्या अडकून राहिल्या होत्या. त्याच्या पायाला जाळं गुंडाळलं. कसाबसा सुटून तो काठावर आला तेव्हा पोटरी रक्तानं भरली होती. सरपंच कुंडलिक यांनी हात जोडले. "आता कुणी उतरायचं नाय. पाणी नाय मिळालं तर चालंल, माणूस नाय गेला पायजे." कोळ्यांची होडी टेम्पोतून यायला चार दिवस लागणार होते.

तेव्हा कुणाली गर्दीतून पुढं आली. तिच्या काखेत मी होते.

"सरपंचकाका, जाळी कमरेएवढ्या पाण्याखाली आहे. माझी होडी चार बोटंच बुडते. सुतळी घेऊन ती तराफ्याला वळसा घालंल आणि परत येईल. सुतळीला दोर बांधून ओढायचा. तराफ्यावर कुणी जायला नको."

कुणीतरी हसलं. बाबा त्याच्याकडं वळले. "हसू नको. तिची मोटार मी तपासलीय."

पाण्यावर तरंगणारी पिवळी प्लॅस्टिकची सुतळी माझ्या शेपटाला बांधली. बाबा रीळ घेऊन खडकावर बसले, हळूहळू सोडायला. मी निघाले. शंभर पावलं सरळ गेले. मग तराफ्याच्या मागं शिरले आणि कुणालीला दिसेनाशी झाले.

त्याबरोबर सगळा काठ ओरडू लागला. कुणी म्हणे डावीकडं, कुणी म्हणे उजवीकडं, एक म्हातारी म्हणे उडी मार.

"गप बसा!" कुणालीचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "फक्त धाऊकाका बोलतील. त्यांना वरून दिसतंय."

धाऊ पोटरीला फडकं बांधून उंच दरडीवर बसला होता. "सरळ... अजून सरळ... आता वळीव... थांबली! गो, थांबली ती!"

जाळीचा एक सुटा धागा पाण्यावर आला होता. तो माझ्या पंख्याला गुंडाळला. मोटार कण्हू लागली, तार तापल्याचा वास मला आला.

"बंद कर!" बाबा ओरडले. "जळंल!"

तिनं बंद केली. मी लाटेबरोबर झाडाच्या शेंड्याकडं सरकत होते. कुणालीनं दहापर्यंत मोजलं, मोटार निवू दिली आणि दुसरी दांडी क्षणभर मागं ओढली. पंखा उलटा फिरला, धागा सैल झाला. पुन्हा क्षणभर. सुटला.

"सुटली!" धाऊ दरडीवर उभाच राहिला, जखम विसरून.

परतीची शंभर पावलं मी दमत दमत आले. मागं सुतळीचं ओझं वाढत होतं, बॅटरी उतरत होती. काठापासून हातभर अंतरावर मी थांबले, आणि सरपंच चपलांसकट पाण्यात उतरून मला घेऊन आले. सुतळीच्या मागून दोर गेला, तराफ्याला वळसा घालून फिरून आला. मग दोन्ही टोकं धरून बायका, पुरुष, सगळे ओढू लागले. तराफा आधी डुगडुगला, मग निमूट काठाला आला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. गुणाबाईनं पहिल्या हंड्यातलं ओंजळभर माझ्यावर ओतलं. मला पाण्याचं काय अप्रूप! पण ते वेगळं होतं.

दोन वर्षांनी कुणालीचं लग्न शहापूरच्या विपुलशी ठरलं. रुखवतात लाडू-चकल्यांच्या ताटांमध्ये बाबांनी स्वतः मला नेऊन ठेवलं. वराकडच्या एका बाईंनी विचारलं, "हे काय हो?" बाबा म्हणाले, "पोरीचा दागिना." आणि घाईघाईनं मांडवाबाहेर पंखा बघायला गेले. पंखा चांगला चालू होता.

आता मी शहापुरात असते. कुणालीनं बाजारात दुरुस्तीचं दुकान टाकलंय, तिला सवड नसते. तिच्या सासूबाई गीताबाईंनी मला टीव्हीवर विणलेल्या रुमालावर बसवलं. आल्या-गेल्याला त्या माझी गोष्ट सांगत आणि कुणी हात पुढं केला की म्हणत, "लांबून बघा!" सव्वा वर्ष मी तशीच होते. मान मिळत होता, पण अंग कोरडं पडलं होतं.

मागच्या महिन्यात एका दुपारी गीताबाई सुनेच्या दुकानात गेल्या. इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "कुणाली, रोज पुसते मी तिला. मला शिकव की गो चालवायला."

कुणालीनं शटर ओढलं. तळ्यावर गीताबाईंच्या हातात पहिल्यांदा तो डबा आला आणि मी सरळ जाऊन एका म्हशीच्या कुशीवर आदळले. "अगो, बाजूला हो ना!" त्या म्हशीला ओरडल्या. मग स्वतःच इतक्या हसल्या की खाली बसल्या. तेव्हापासून आम्ही रोज जातो. त्या अजून वळताना चुकतात. मला काही घाई नाही.

तुमच्या घरी कुणी हातानं केलेली, चालणारी एखादी वस्तू रुमालावर बसून असेल, तर तिला खाली काढा. आपटेल, भिजेल, पोचे पडतील. पडू देत. आमच्या जातीला पोच्यांचं दुःख नसतं.

बरं, चार वाजले. गीताबाई चपला घालताहेत. मला निघायला हवं.