बोटभर मोठी चौकट

चौकट काही केल्या भिंतीत बसेना. टेलरमास्तरांनी ती तिरकी केली, उलटी केली, खांद्याने रेटून पाहिली. छे, बोटभर मोठीच. आणि जुनी खिडकी तर सकाळीच तोडून बाहेर टाकलेली.

"काय झालं हो?" खाटेवरून बायकोने विचारलं.

"काही नाही. जरा अडलंय."

जुनी खिडकी रंगाचे थर चढून कायमची मिटली होती, काचाही दुधाळ झाल्या होत्या. बायकोच्या फुप्फुसांपुढे डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी पाठवलं, तेव्हा तिने एवढंच मागितलं, पडल्यापडल्या रस्ता दिसू दे. सुताराने चौकट करून दिली. बसवायला मात्र पंधरा दिवसांनी येतो म्हणाला. पंधरा दिवस होते कुणाजवळ? मास्तर म्हणाले, मीच बसवतो.

आता त्यांनी सुताराला फोन लावला.

"मापं तुमचीच, मास्तर. मी सूतभर इकडेतिकडे केलं नाही."

मास्तरांनी खिशातला मापांचा कागद उलगडला. चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया सोडली होती, कापडाला शिलाईसाठी सोडतात तशी.

सुतार हसला. "अहो, भिंत काय उसवून सैल करणार? चौकट परत आणा, आठ दिवसांत तासून देतो. नाहीतर घ्या छिन्नी."

मास्तरांनी छिन्नी घेतली. पहिल्याच घावाला धुरळा उडाला आणि बायकोला ठसका लागला तो थांबेचना. ओठ निळे पडले. एका खोलीचं घर, तिला हलवणार तरी कुठे?

"ठोका हो तुम्ही," श्वास जुळल्यावर ती म्हणाली. "मी चादर घेते तोंडावर."

"गप पड जरा."

रस्त्यावरून ट्रक गेला की भगदाडातून धूळ आत यायची. शेवटी मास्तरांनी कोटाचं जाड कापड कापलं, कडा दुमडून शिवल्या आणि खिळे मारून ते ताणून बसवलं. दुधाळ काचेतून निदान उजेड तरी येत होता; आता तोही गेला. मास्तरांना स्वतःच्या हातांची शिसारी आली.

ती कापडाकडे बघत राहिली. "टाका सुरेख घातलाय हो."

पाचव्या दिवशी ती गेली, त्या कापडाकडे तोंड करूनच.

माणसं येऊन गेल्यावर मास्तरांनी कापड उतरवलं आणि दार लावून दिवसभर भिंत फोडली. खोली धुरळ्याने भरली, खाटेवर पांढरा थर बसला. कुणी खोकलं नाही.