मांडे करणाऱ्या मनगटातला बंध

मित्रांनो, मी एक जुना अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा दोर आहे. खरं म्हणजे होतो. पिपरी मेघे गावच्या रुख्माबाईच्या उजव्या मनगटात माझा जन्म झाला. मनगटात खड्यांएवढी आठ हाडं असतात. त्यांतलं एक होडीसारखं, त्याच्या शेजारचं चंद्रकोरीसारखं. दोघंही नाठाळ! मोकळी सोडली की एक पुढे कलतं, दुसरं मागे. बोटाच्या पेराहून लहान असलेल्या मी त्यांना पन्नास वर्षं एकत्र बांधून ठेवलं.

रुख्माबाई मांडे करायची. सैल कणीक या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. लग्नघरं तिच्या हाताचे गोडवे गात. माझं नाव कोणी घेतलं नाही.

एकदा ती मोरीत घसरली आणि तळव्यावर आपटली. मी फाटलो. एक्स-रेच्या फोटोत हाडं धड दिसली आणि तिचा नवरा नानाजी गरजला, "हड्डी साबूत हाये, मंग काऊन रडून राह्यली?" बैलाचा दोर तुटला की धावत बाजार गाठणारा हा शहाणा! बायकोच्या हातातही दोर असतो, हे त्याच्या गावी नव्हतं.

मग हाड बसवणारे अण्णाजी आले. तेल चोळलं, हात ओढला. टक्! "बसली, वहिनी! आता बिनघोर मांडे करजा." अख्खं घर खूश. अरे दिवट्यांनो, ती दोन हाडं एकमेकांवरून उडी मारत होती! माझा उरलासुरला धागा त्या ओढीत गेला. पुढे मनगट वाजलं की नानाजी म्हणायचा, "पाह्य, बसली."

आठ महिन्यांनी लेकीचं, काजलचं लग्न ठरलं. तिला आईच्याच हातचे मांडे हवे होते. रुख्माबाईनं कणीक उचलली, मनगट लचकलं आणि मांडा चुलीत पडला. काजल तिला वर्ध्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावून फोटो काढला. दोन हाडांमध्ये फट दिसली. "बंधाची टोकं आखडलीत. शिवायला उशीर झाला," ते म्हणाले.

नानाजीनं फोटो पाहिला. "पण हड्डी तं साबूत हाये ना?"

लग्नात मांडे बाहेरून आले. चार मांडे हाणून नानाजी कुरकुरला, "रुख्मे, तुह्या हातची चव नाई."

रुख्माबाईनं उजवा हात त्याच्या कानाशी नेला आणि मनगट फिरवलं. टक्!

"घ्या जी," ती म्हणाली, "बसली."

मित्रांनो, तळव्यावर पडलात आणि मनगट दुखत राहिलं, तर हाडांच्या फोटोवर खूश होऊ नका. तेव्हाच माझी विचारपूस करा. नंतर मी कोणाच्याच कामाचा नसतो.